बाहेरच्या बांधाचे दोन हजार

माझ्या आईला दोन नावं आहेत. एक तिच्या वडिलांनी ठेवलेलं, दुसरं माझ्या वडिलांनी लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं. आमच्याकडे ही रीत घरोघरी, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटत नाही. तांदळातलं नाव सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटून झाले, की मुलगी माहेरचं नाव माहेरीच ठेवून निघते. आई पेणकडच्या खाडीकाठच्या गावातून रोह्याला आली ती अशी नवं नाव घेऊन. इथे कुणी पाहुण्यानं चुकून जुन्या नावानं हाक मारली, तर ती म्हणायची, "ती इथं नाय. ती मांडवातच राहिली." आणि हसायची. त्या मांडवात राहिलेल्या मुलीचं मी काय केलं, ते मला सांगायचं आहे.

आजोबांनी जाण्याआधी आईला तीस गुंठे जमीन दिली. दिली म्हणजे खाडीच्या अगदी तोंडाशी असलेली दिली. आतली चांगली जमीन मामाला, बाहेरची खारी हिला. बहिणीला द्यायचंच झालं तर असंच देतात, आणि बहुतेक बहिणी तेवढंही ठेवत नाहीत; हक्कसोडीच्या कागदावर सही करतात आणि साडी घेऊन परत येतात. आईनं सही केली नाही आणि साडीही घेतली नाही. मी एकदा विचारलं होतं, एवढं कशाला धरून बसलीस. तेव्हा मी चिडलेच होते, कारण भावाशी वाईटपणा नको असं मला वाटायचं. ती म्हणाली, "पयलं घर बापाचं, मग नवऱ्याचं, आता ऱ्हाते ते जावयाचं. माझी म्हणावी अशी एवढीच जागा हाय गो."

 वडील गेल्यापासून ती आमच्याकडे, रोह्याजवळ वरसेला, राहत होती.

सातबाऱ्यावर अर्थातच तिचं माहेरचं नाव लागलं. आधार कार्डावर सासरचं. दोन्ही कागद एकाच ट्रंकेत, एकाच पिशवीत, आणि इतक्या वर्षांत त्यांचं एकमेकांशी कधी भांडण झालं नाही. शेत मामा कसायचा, आणि दिवाळीनंतर आईच्या वाट्याचा जाडा तांबडा तांदूळ गोणीतून आमच्याकडे यायचा. सरकार शेतकऱ्यांच्या खात्यात वर्षाचे काही पैसे टाकतं हे आम्हाला माहीत होतं. पण आईनं अर्ज केला नव्हता. भात येतो तेवढं पुरे, म्हणायची.

त्या गावाला खाडीपासून वाचवणारे दोन बांध आहेत. बाहेरचा बांध थेट खाडीला भिडलेला, आणि आतला गावाच्या बाजूला. दोन्हींच्या मध्ये आईचं शेत आणि मुंबईला गेलेल्या दोन घरांच्या पडीक जमिनी. बांध मातीचे. दरवर्षी पावसाआधी त्यांच्यावर चिखल चढवावा लागतो, आणि त्याची रीत पक्की आहे: घरटी एक माणूस बांधावर आला पाहिजे. ज्यानं माणूस दिला त्याचं शेत गाव राखणार. आई दरवर्षी त्यासाठी चार दिवस माहेरी जायची आणि डोक्यावरून चिखलाच्या पाट्या वाहायची. गावचे पुरुष तिला चिडवायचे, "तुझ्या घरचा बाप्या कुठं?" ती म्हणायची, "मीच बाप्या." पासष्टी ओलांडली तरी ती जातच होती. परत आली की आठवडाभर मान धरलेली असायची, आणि मी तेल लावताना बडबड करायचे. तिला त्या बडबडीचं काही वाटत नसे.

आणि मग लॉकडाऊन लागला, सगळं बंद झालं. माझा नवरा धाटावला कंपनीत कंत्राटावर होता. कंपनी चालू राहिली, पण कंत्राटी माणसांना गेटवरूनच परत पाठवलं. पहिला महिना आम्ही मजेत काढला असं म्हणायला हरकत नाही. तांदूळ होता, घरात माणसं होती. दुसऱ्या महिन्यात डाळ पातळ झाली. एके दिवशी दुपारी मामाचा फोन आला. घरात एकच फोन होता, तो आईच्या कानाला लावून मी शेजारी बसले.

"बाय, बाहेरच्या बांधाला खांड पडली," मामा म्हणाला. खांड म्हणजे भगदाड. "तुझ्या शेताच्या समोरच. आता दोन हात हाय, येत्या उधाणांत दहा हात व्हईल."

"मग माणसं काढा की."

"कशी काढू? चार माणसं बांधावर दिसली तरी गाडी येते पोलिसांची. परवा तिघांना काठ्या बसल्या."

मग त्यानं गावानं काय ठरवलं ते सांगितलं. सरकारनं शेतकऱ्यांना लॉकडाऊनचा आधार म्हणून दोन दोन हजार खात्यात टाकले होते. गावानं बसून, म्हणजे आपापल्या ओट्यावर लांब लांब बसून, ठरवलं होतं की यंदा माणसाऐवजी हेच दोन हजार बांधाला द्यायचे आणि पोकलेन मशीन आणायचं. बाहेरच्या बांधापर्यंत मशीन न्यायचं तर खर्च जवळजवळ दुप्पट. तो गाव करायला तयार होतं, पण बाहेर शेत असणाऱ्यांनी आपला वाटा दिला तरच. मुंबईवाल्या दोघांनी फोनवर सांगितलं, जाऊ दे ती जमीन.

"बाहेर जित्तं शेत आता तुझं एकटीचं," मामा म्हणाला. "तुझे दोन हजार आले की गाव बाहेर येतं बघ. नाय आले तर आतलाच बांध उंच करून मोकळं व्हतील. मी किती भांडू?"

आतला बांध उंच केला म्हणजे बाहेरचं शेत खाडीला दिलं. खारं पाणी एकदा बसलं की तीन वर्षं भात नाही, आणि खांड बुजवलीच नाही तर कधीच नाही. तिथे खारफुटी उगवणार. आईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "सरकारचे दोन हजार मला पण असतील ना गो? मी पण शेतकरीच हाय."

दोन हजार म्हणजे काय मोठी रक्कम, असं आज कुणी म्हणेल. मीही म्हणेन. पण त्या दिवसांत ज्याच्याकडे मागायला जावं, तोच आमच्या दारात मागायला उभा होता.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आम्ही रोह्यात सेवा केंद्रावर गेलो. रस्त्यावर चुन्यानं गोल आखले होते, त्यात माणसं उभी. आईला गुडघ्यांमुळे उभं राहवेना, तिला मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि गोलांमधून पुढे सरकत राहिले. दोन तासांनी माझा नंबर आला. प्लॅस्टिकच्या पडद्यामागे एक बाई बसली होती. बिचारीचा घसा बसला होता. तिनं सातबारा पाहिला, आधार पाहिलं, पुन्हा सातबारा पाहिला.

"ह्या दोन वेगळ्या बाया आहेत," ती म्हणाली.

मी तांदळाची, अंगठीची सगळी कथा सांगितली. तिला ती ठाऊकच होती, तिचं स्वतःचं नावही तसंच बदललेलं. पण संगणकाला ठाऊक नव्हती. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र लागेल, म्हणाली, आणि ते करून देणारं ऑफिस बंद. कधी उघडणार? तिनं हात वर केले. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आपण एरवी हसत म्हणतो. मला त्या दिवशी हसू आलं नाही. मला रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की मी भांडते. मी तिला नाही नाही ते बोलले. मागचे लोक ओरडायला लागले.

ती शांतपणे म्हणाली, "ताई, सातबाऱ्यावरची बाई हयात असेल तर तिचं आधार पाहिजे. मयत असेल तर वारस म्हणून तुमच्या आईचा अर्ज घेता येतो. मृत्यूचा दाखला नंतर जोडला तरी सध्या घेतात. मी काही सांगत नाही, फक्त काय काय चालतं ते सांगते."

मी मागे वळून पाहिलं. आई पायरीवर बसून पदरानं वारा घेत होती. मला वाटलं, नाव तर आहे. माणूस कुठे आहे? ती तर मांडवातच राहिली, असं ही स्वतःच म्हणते. मी म्हटलं, "मयत लिहा."

"वारसाचं नातं?"

"मुलगी."

अशी माझी आई स्वतःचीच मुलगी झाली. बाईनं कागदाचा तुकडा छापून दिला, वर अर्ज क्रमांक. मी बाहेर येऊन आईला सांगितलं, झालं काम. कसं झालं ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वाटेत ती दोनदा म्हणाली, "लेक शिकलेली पायजे." तेव्हाच मला बोलायला हवं होतं. घरी येऊन मामाला फोन केला, पैसे येतायत, थोडं थांबा. तो म्हणाला, गावाला पंधरा दिवस थांबवतो.

ते पैसे कधीच आले नाहीत, हे इथेच सांगून टाकते. आम्ही रोज वाट पाहत राहिलो. आई पंचांग घेऊन बसायची आणि अमावास्या-पौर्णिमा मोजायची, कारण उधाण त्यांच्यावर. मध्येच फोनचं रिचार्ज संपलं, येणारे फोनही बंद झाले. दुकानात उभी राहून मी विचार केला, रिचार्ज की तेल, आणि तेल घेतलं. मग तो फोन नुसता घड्याळ म्हणून भिंतीशी उभा राहिला. पैसे आले की कळवूच, असं मी आईला म्हणत राहिले. ना इकडून फोन, ना तिकडून. त्याच आठवड्यांत आमच्या आळीतले एक काका गेले, आणि त्यांच्या मुलाला त्यांचं तोंडही पाहायला मिळालं नाही. रुग्णवाहिका थेट घेऊन गेली. चार दिवसांनी नातेवाइकांना कळलं. तेव्हा असंच चाललं होतं सगळीकडे.

जेठ महिन्यात वादळ आलं. आमचे अर्धे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि दोनच दिवसांनी पौर्णिमा होती. पत्रे उडाले तेव्हा आई रडली नाही. पौर्णिमेच्या दुपारी भरतीची वेळ झाली तशी ती दारात येऊन बसली आणि पेणच्या दिशेला बघत राहिली. इथून तिकडचं काय दिसणार? झाडंसुद्धा उरली नव्हती. मी तिला आत ये म्हणाले, तर माझ्यावर खेकसली. आयुष्यात पहिल्यांदा.

आठवड्यानं नवऱ्यानं कुणाची तरी मोटारसायकल आणि पेट्रोल जमवलं, आणि मी आईला मागे बसवून निघाले. मला गाडी चालवता येते याचा नवऱ्याला एरवी राग, त्या दिवशी उपयोग झाला. वडखळच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं. येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव वहीत लिहून घेत होते. आईला नाव विचारलं तर तिनं माहेरचं सांगितलं. माहेराकडे निघाली होती, तोंडातून तेच आलं. पोलिसानं आधार बघितलं आणि तो वैतागला, "आजी, हे कोण मग?" मी मध्ये पडून सोडवलं. 

गावात शिरलो. मामी अंगणात पडलेल्या फांद्या गोळा करत होती. आईला बघितलं आणि तिच्या हातातल्या फांद्या खाली पडल्या. ती मागे मागे सरत भिंतीला टेकली.  मग मामा बाहेर आला. तो आईच्या पुढ्यात उभा राहिला, तिचा हात धरला, दाबून पाहिला, दंडापर्यंत चाचपला. त्या दिवसांत कुणी कुणाला हात लावत नव्हतं. आणि मग तो अंगणात खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

"काय झालं रं? घरात कोण गेलं काय?" आई विचारत होती.

"तू," मामा म्हणाला.

ते सगळं त्याच्याकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. पंधरवड्यापूर्वी गावात शेतकऱ्यांच्या पैशांची यादी आली होती, कुणाचे आले, कुणाचे का अडकले, ते सांगणारी. कोतवालानं मारुतीच्या देवळासमोर ती वाचली. आईच्या माहेरच्या नावापुढे लिहिलं होतं: मयत. मामानं आमच्या फोनवर दिवसाला दहा वेळा फोन लावला. फोन बंद. यायचं तर वडखळला अडवत होते, तो दोनदा तिथून परत गेला. मग त्याला जे वाटायचं तेच वाटलं. बाय आजारानं गेली, पोरीनं भीतीपोटी कळवलं नाही, फोन बंद करून बसली. त्यानं तीन दिवसांचं सुतक पाळलं. खाडीवर जाऊन तिच्या नावानं तीळपाणी सोडलं.

आई ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आणि बांध?"

 मामा उठला आणि चालायला लागला. आम्ही त्याच्या मागे.

आतला बांध मी इतका उंच कधी पाहिला नव्हता. नवी माती, वर मशीनच्या पट्ट्यांचे ठसे. आम्ही तिघं त्यावर चढलो. पलीकडे पाणी होतं. ओहोटी होती, तरी पाणी होतं. आईचं शेत कुठे सुरू व्हायचं आणि कुठे संपायचं ते सांगायला काही उरलं नव्हतं. बाहेरच्या बांधाचे मधून मधून काळे उंचवटे दिसत होते, एवढंच.

"मी तुझे दोन हजार भरणार व्हतो, बाय," मामा म्हणाला. "दोन बकऱ्या इकल्या. तुला सांगितलं नाय. म्हटलं, भाऊबीजेला सांगीन, तुझ्या नावानं माणूस दिला म्हणून. पैसं खिशात घेऊन देवळात गेलो, तवाच ती यादी वाचली. मग गाववाले म्हणले, जिची जमीन तीच गेली, आता बाहेरचा बांध कुणासाठी? मला पण तेच वाटलं. ते पैसं मग ह्या बांधालाच दिले. तुझ्या नावानं."

 मी म्हटलं, "मामा, ते मयत मी लिहिलं. मी लिहायला सांगितलं." सेवा केंद्राचं सगळं सांगितलं. नातं मुलगी लिहिलं तेही. मला वाटलं, मामा माझ्या थोबाडीत मारेल. मारायला हवी होती. त्यानं हातही उचलला नाही. गरज नसताना, त्या एका 'मयत'पायी आणि फोनच्या रिचार्जपायी, मी आईची ती एवढीच जागा खाडीत घातली होती; आणि दोन हजार तर इथे त्याच्या खिशात तयार होते.

आई माझ्याकडे वळलीच नाही. पाण्याकडे बघतच तिनं मामाला विचारलं, "तीळपाणी कुठल्या नावानं सोडलंस?"

"कुठल्या म्हणजे? आपल्या. बापानं ठेवलेल्या."

"मग बरोबर केलंस," आई म्हणाली. "तीच गेली."

मामी जेवायला थांबवत होती. आई थांबली नाही. पाणीही प्यायली नाही. मी गाडी चालवत असताना ती माझ्या खांद्याला धरते, त्या दिवशी तिनं मागची कडी धरली.

वडखळच्या नाक्यावर तोच पोलीस होता. त्यानं वही उघडली आणि आजी, आता नीट सांगा, म्हणाला. आईनं तांदळात लिहिलेलं नाव सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं आणि हातानं जा म्हणाला.